भंडारदऱ्याची रेकी: आधी पाणी बघा

भंडारदऱ्याला कयाक (वल्ह्याची छोटी होडी) टाकायचीय आणि काठावर एक रात्र काढायचीय, तर आधी एकदा नुसतं बघून यायचं. ही यादी त्या फेरीची. टोपी, पाण्याची बाटली, गाडीतली हवा हे सांगत बसत नाही.

पहिलं, दुसरं आणि तिसरं काम: पाण्याची पातळी. आम्ही ऑक्टोबरात रेकी केली. धरणाजवळच्या शेंडी गावाहून तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या रतनवाडीच्या रस्त्याने गेलो, हिरवळीची एक जागा हेरली, तिथून पाणी वीस पावलांवर. फोटो, नकाशावर खूण, सगळं रीतसर. एप्रिलात दोन कयाक टपावर बांधून त्याच खुणेवर पोचलो, तर पाणी पार खाली! मध्ये भेगाळलेली जमीन आणि तिच्यापुढे गुडघाभर गाळ. ‘चालून बघू’ म्हणणारा मीच होतो. उजवी चप्पल अजून तिथेच असेल.

आणि यात नवल काहीच नव्हतं. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण शेतीसाठी आहे, आपल्या वल्ह्यांसाठी नाही. पावसाळ्यात ११ हजार दशलक्ष घनफुटांवर साठा होतो, मग प्रवरा नदीत आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटतात तसतसं तळं उतरतं. म्हणून धरणावर किंवा शेंडीत विचारा: आवर्तन चालू आहे का? पुढचं कधी? आपण येऊ त्या आठवड्यात पाणी कुठवर असेल? बोट चालवणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं, फक्त विचारावं लागतं. आम्ही नाही विचारलं.

उपग्रहाच्या चित्रावर तर अजिबात विसंबू नका. निळंशार तळं दिसतं ते कुठल्या महिन्यातलं, ते बघा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मिळतात, त्यातलं आपल्याच महिन्याचं काढा. रेकी आणि सहल यांच्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. ठेवलंत, तर निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पातळी पुन्हा विचारा. हो, पुन्हा.

पाणी उतरलं की आणखी दोन गोष्टी होतात. बुडालेले खडक आणि झाडांचे बुंधे वर येतात, नाहीतर वितभर पाण्याखाली लपतात, आणि ते जास्त वाईट. शिवाय उघडी पडलेली जमीन मोकळी दिसली तरी ती कुणाची गाळपेर, म्हणजे उतरलेल्या पाण्याच्या गाळावरची पेरणी, असू शकते. तंबू ठोकण्याआधी जवळच्या घरात जाऊन ‘मामा, इथे राहिलं तर चालेल का?’ एवढं विचारायला काय जातं?

परवानगीचं मात्र मामांवर सोडू नका. काठाला लागून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे वनखातं. पाणी जलसंपदा खात्याचं. दोन्हीकडे वेगवेगळं विचारायचं, कयाकचं आणि मुक्कामाचंही वेगवेगळं. गावात कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. धरणाच्या भिंतीच्या जवळपास तर फिरकूच नका.

वारा बघायचा तर दुपारी चारला काठावर बसा. सकाळी तळं आरशासारखं असतं आणि सगळे तेव्हाच बघून परततात. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून, घाटघर गावाच्या बाजूने वारा चढतो, धरणाकडे जाताना पाठीवर, रतनवाडीकडे परतताना तोंडावर. जाताना जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट परतीला धरा. पावसाळ्यात कयाक नकोच: घाटघरला पाऊस कसा कोसळतो ते ज्याने पाहिलंय त्याला कारण लागत नाही, आणि तेव्हा पाणी रात्रीतून वर चढतं, म्हणजे काठावरचा तंबूही गेला. चढतं, उतरतं, कुठूनही आलात तरी प्रश्न पातळीचाच.

जागा ठरली की गाडीपासून पाण्यापर्यंत एकदा चाला, खांद्यावर निदान वीस किलो घेऊन. नुसत्या हातांनी चाललात तर काही कळत नाही.

बाकीचं पटापट. फोनला रेंज कुठे येते ती जागा खुणेत टाका. लाईफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही. शेकोटी नाही, स्टोव्ह. खिचडीचं सामान. टॉर्चचे सेल. कचरा परत गाडीत. दोन चप्पल जोड, त्यातला एक पट्ट्याचा.