शुगरचा सेन्सर: मेडिकलमधून घ्यावा की थेट कंपनीकडून?

आईच्या दंडावरची शुगर मोजणारी ती पांढरी चकती, म्हणजे सेन्सर, आता आमच्या घरात कुणाला नवी राहिलेली नाही. पण पुढचा सेन्सर कुठून घ्यायचा, हा वाद दर पंधरवड्याला नव्याने होतो. सोलापुरात आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेऊन झाला, थेट कंपनीकडूनही मागवून झाला. दोन्हीकडे पैसे वाचलेत, दोन्हीकडे डोक्याला तापही झालाय. त्यातून बसलेली ही पद्धत.

आधी कुठला डबा हवा ते ठरवा

दुकानाचं नंतर बघू. ॲबट कंपनीच्या फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरचंच उदाहरण घ्या. ‘लिब्रे’ आणि ‘लिब्रे प्रो’ या नावांची काउंटरवर सहज गल्लत होते. प्रो स्वस्त पडतो म्हणून मन तिकडे धावतं, पण तो डॉक्टरांकडच्या रीडरवर, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, वाचायचा असतो. म्हणजे दोन आठवडे दंडावर मिरवायचा आणि आकडे बघायला दवाखाना गाठायचा. घरच्या घरी शुगर बघायची असेल तर तो कामाचा नाही.

मग फोन. लिब्रे सुरू करायला फोनमध्ये एनएफसी (फोन सेन्सरजवळ नेऊन तो वाचायची सोय) लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ते नसतंच. सेटिंगमध्ये शोधा. नसेल तर रीडर वेगळा घ्यावा लागेल. आणि दुबईहून येणाऱ्या भाच्याला ‘येताना दोन घेऊन ये’ म्हणण्याआधी विचार करा: तिकडचा सेन्सर इकडच्या ॲपवर चालेलच असं नाही.

वर्षाचा हिशोब मांडा

सेन्सर 14 दिवसांचा असेल तर वर्षाला 26 लागतात. एका नगामागे 200 रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला 5,200 रुपये. त्यामुळे एका डब्याचा भाव विचारून थांबू नका. डिस्काउंट, कुरिअरचा खर्च, एकदम दोन-तीन घेतले तर काय, हे दोन्हीकडे विचारा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. वर ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

मेडिकलमध्ये डबा हातात घेऊन बघा

सील शाबूत हवं. एक्सपायरी बघा, आणि आयात केलेला माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला आहे ना, तेही बघा. डब्यावर थर्मामीटरच्या चित्राशेजारी तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. त्यावर बोट ठेवून मेडिकलवाल्याला विचारायचं, ‘हे कुठं ठेवता?’ आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. काचेच्या कपाटात उन्हाच्या तोंडाशी मांडलेला डबा मी तरी घेत नाही.

उघडलेला डबा कितीही स्वस्त दिला तरी नको. लिब्रेच्या डब्यात सेन्सरचा पॅक वेगळा आणि तो दंडावर बसवायचा अ‍ॅप्लिकेटर वेगळा येतो, आणि दोन्हीवरचा कोड एकच असावा लागतो. एकदा एका दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला दोन डबे उघडले होते. घरी येऊन चष्मा लावून बघतो तर पॅक एका डब्यातला, अ‍ॅप्लिकेटर दुसऱ्यातला. असे न जुळणारे भाग लावले तर आकडे चुकीचे येऊ शकतात. कोड बघायची सवय होती म्हणून वाचलो.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा. मेडिकलवाला कुरकुर करेल, करू दे.

कंपनीकडून मागवताना दिवस मोजा

चालू सेन्सरचे पाच-सहा दिवस उरले की ऑर्डर टाका, शेवटच्या रात्री नको. आमचं एक पार्सल वॉचमनच्या टेबलावर भर दुपारी चार तास तापत पडलं होतं. तेव्हापासून डिलिव्हरीसाठी घरी हमखास कुणीतरी असेल अशाच ठिकाणाचा पत्ता देतो. बाकी, ऑनलाइन बाजारात ब्रँडचं नाव दिसलं म्हणजे विकणारी कंपनीच असते असं नाही. विक्रेत्याचं नाव उघडून बघा.

माझं मत विचाराल तर नेहमीची खरेदी थेट कंपनीकडून करा आणि जादा एक डबा ओळखीच्या मेडिकलमधून आणून ठेवा. कारण भाव नाही. उघडलेला सेन्सर मेडिकलवाला सहसा परत घेत नाही. तो तुम्हाला कंपनीच्याच कस्टमर केअरकडे धाडतो. तिथे शेवटी जायचंच असेल तर ऑर्डरची नोंद त्यांच्याकडे आधीच असलेली बरी. पण रविवारी रात्री सेन्सर निघून पडला तर कुरिअर कामाचं नाही, कोपऱ्यावरचं दुकानच कामाला येतं.

बिघडला तर

निघालेला सेन्सर कचऱ्यात टाकू नका, कंपनी तो परत मागू शकते. स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा फोटो काढा. लावल्याची तारीख, सिरियल नंबर आणि बिल घेऊनच फोन लावा. बदलून मिळेल की नाही ते कारणावर ठरतं. दाराच्या कडेला घासून निघाला असेल तर तसंच सांगा. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

सिरियल नंबरचा उपयोग एवढाच नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लिब्रे 3 चे काही सेन्सर खऱ्यापेक्षा कमी शुगर दाखवतात, असा इशारा खुद्द ॲबट कंपनीने दिला. आपला त्यात आहे का, हे लोकांना त्या नंबरावरूनच तपासता आलं.

म्हणून साधा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरातून हद्दपार करू नका. आकडा 62, म्हणजे कमी, दाखवतोय आणि आई मजेत शेंगा सोलत बसलीय, किंवा आकडा उत्तम आहे आणि तिला दरदरून घाम फुटलाय, अशा वेळी आधी बोटाला सुई टोचून खात्री करायची. घाम, थरथर असेल आणि मीटर हाताशी नसेल तर आकड्याची वाट न बघता डॉक्टरांनी सांगून ठेवलंय तसं साखर-पाणी द्यायचं.

रिकामा डबा 14 दिवस टाकत नाही. त्यावर पेनाने लावल्याची तारीख लिहितो आणि तो फ्रीजवर, आईच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवतो.