आर्द्रा-पुनर्वसूतील छाट कलमे : घरच्या साहित्यात रोपे कशी करावीत

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन निवली की आर्द्रा आणि पुनर्वसू या नक्षत्रांचा काळ, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचे दिवस, छाट कलमे (मातीत लावून मुळे फुटवायचे फांदीचे तुकडे) लावण्यास सर्वांत सोयीचे असतात. तोडलेल्या फांदीला मुळे नसल्यामुळे तिला पाणी फारसे घेता येत नाही, पण पानांतून पाणी मात्र सतत उडत राहते. रोपवाटिकेत हवा दमट ठेवण्यासाठी फवाऱ्यांची सोय करावी लागते. या दिवसांत ते काम पावसाळी हवाच करते. त्यामुळे अंगणात किंवा गोठ्याच्या आडोशालाही मोगरा, जास्वंद, गावठी गुलाब, अंजीर आणि डाळिंब यांची रोपे अगदी थोड्या खर्चात तयार होतात. आंबा आणि पेरू यांच्या फांद्या मात्र मातीत खोचून वेळ दवडू नये. आंब्याला कोय कलम किंवा मृदुकाष्ठ कलम (दोन्हींत कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधतात) आणि पेरूला गुटी किंवा दाब कलम (दोन्हींत फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फुटवतात) हेच मार्ग खात्रीचे आहेत.

कलमासाठी काडी निवडताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण मातृझाडावरचा रोग काडीबरोबर नव्या बागेत येतो. विशेषतः डाळिंबावर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग एकदा जरी दिसले असतील, तर त्या बागेतील काडी कितीही टपोरी असली तरी घेऊ नये. अंजिराच्या बाबतीत पुरंदर भागात खट्टा बहरासाठी (पावसाळ्याच्या आरंभी धरल्या जाणाऱ्या बहरासाठी) जूनच्या सुमारास जी छाटणी होते, तीत निघालेल्या काड्यांपैकी मागील हंगामातील पक्व, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आणि जवळ जवळ डोळे (फुटव्याचे कोंब) असलेल्या काड्या बाजूला काढून ठेवाव्यात. कोवळा हिरवा शेंडा कुजतो आणि फार जुने लाकूड मुळे धरण्यास उशीर लावते. काडी सकाळी लवकर कापावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी.

प्रत्येक तुकडा साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांबीचा, चार-पाच डोळ्यांचा असावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्याच्या वर एक सेंटीमीटर अंतर राखून तिरका घ्यावा, म्हणजे काडी उलटी लावली जाण्याची भीती राहत नाही आणि वरच्या कापावर पाणीही साचत नाही. कात्री बोथट असेल तर साल चेचली जाते व तेथूनच कूज सुरू होते, म्हणून धार लावलेली आणि दर झाडानंतर निर्जंतुक केलेली कात्रीच वापरावी. अंजिराच्या कापातून चीक येतो. तो स्वच्छ पाण्याने धुऊन काडी थोडा वेळ सावलीत सुकू द्यावी. अंजीर व डाळिंबाच्या पक्व काडीची सर्व पाने काढावीत. मोगरा आणि जास्वंदीला वरची दोन पाने ठेवून, मोठी असल्यास ती अर्धी कापावीत.

केवळ काळी माती पिशवीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते, हवा खेळू देत नाही आणि सुकली की भेगाळते. एक भाग पोयटा (नदीकाठची गाळाची माती), एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताचे जळके तूस हे मिश्रण चांगले ठरते. वाळू मिळत नसेल तर दगडी कच नीट धुऊन, तिची बारीक पूड काढून टाकून वापरावी. शेणखत या टप्प्यावर घालू नये, विशेषतः अर्धवट कुजलेले. तळाला भोके पाडलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्याही पुरेशा होतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर खालच्या टोकाला पातळ लावल्यास डाळिंबासारख्या पिकात स्पष्ट फायदा दिसतो. कोरफडीचा गर लावण्यास हरकत नाही, पण त्याने खराब काडी सुधारत नाही.

पक्व काडीचा दोन तृतीयांश भाग मातीत राहील अशी ती लावून भोवतालची माती बोटांनी घट्ट दाबावी, कारण टोकाशी पोकळी राहिली तर तेथे मूळ धरत नाही. कोकणात संततधारेत पिशव्या पागोळ्यांखाली येऊ देऊ नयेत. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात पावसाची उघडीप पडून वारा सुटतो, तेव्हा मोगरा-जास्वंदीसारख्या पाने ठेवलेल्या काडीवर तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घालावी आणि तिचे झाकण दिवसातून थोडा वेळ उघडावे. अशी झाकलेली कलमे उन्हात मात्र ठेवू नयेत. माती बोटाला ओलसर लागत असताना पुन्हा पाणी घालणे हेच कलमे मरण्याचे मुख्य कारण आहे. कूज दिसल्यास ती काडी पिशवीसह काढून टाकावी आणि उरलेल्यांना लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी द्यावी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी वापरत असाल तर ही आळवणी त्याच सुमारास करू नये.

दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटून इवली पाने दिसतात आणि येथेच अनेकांची फसगत होते. ही पाने काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात. त्या वेळी खालच्या कापाभोवती बहुधा फक्त पांढरट, खरबरीत गाठ तयार झालेली असते. अशा वेळी मुळे पाहण्यासाठी काडी उपसल्यास नुकतीच फुटलेली मुळे तुटतात. नवी पाने दुपारीही ताठ राहू लागली आणि पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावली की कलम लागले असे समजावे. जास्वंदीला यासाठी साधारण चार ते सहा आणि अंजिराला सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर आठवडाभरात बाटली हळूहळू काढून टाकावी, रोपांना सकाळचे कोवळे ऊन दाखवावे आणि मगच कुजलेले खत किंवा गांडूळखत मूठभर द्यावे.

मोगरा आणि जास्वंदीची जोमदार रोपे पाऊस चालू असतानाच जागेवर लावता येतात. अंजीर व डाळिंबाची रोपे पिशवीतच वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी शेतात न्यावीत. लावताना पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरावी, म्हणजे मातीचा गोळा फुटून मुळे उघडी पडत नाहीत.