रीडिंग चॅलेंजमधली कादंबरी कशी वाटली, ते खरंखरं कसं सांगायचं

गेल्या वर्षी आम्ही सात जणांनी ठरवलं, बारा महिने बारा मराठी कादंबऱ्या, थीम एकच, गाव, आणि अट अशी की दर महिन्याला मुलूख बदलायचा, म्हणजे एकदा माणदेश, मग वऱ्हाड, मग मराठवाडा, कोल्हापूर, कोकण असं फिरत राहायचं. जानेवारीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली. छोटीशी आहे, दोन-तीन रात्रीत होते. महिनाअखेरीला सातही जणांचं मत आलं, "अप्रतिम". सातच्या सात! नंतर चहा पिताना हळूहळू बाहेर पडलं की त्यातल्या तिघांनी पुस्तक उघडलंच नव्हतं, त्यांनी अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा कधीतरी पाहिला होता आणि त्यावर भागवलं होतं.

मग आम्ही थोडे नियम केले. काही टिकले, काही दुसऱ्याच महिन्यात बारगळले. जे टिकले ते खाली देतेय, तुम्ही मित्रमैत्रिणींत असं काही सुरू करत असाल तर उपयोगी पडतील.

१. वाचायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवा

पुस्तक हातात घेतलं की पहिलं पान उघडायच्या आधी वहीत लिहायचं, मला यातून काय मिळेल असं वाटतंय. बस. मी 'बनगरवाडी'साठी लिहिलं होतं, "हिरवंगार गाव, विहीर, साधी भोळी माणसं, जरा रडू येईल". आणि प्रत्यक्षात काय, तर धनगरांची वाडी, ओसाड माळ, मेंढरं, आणि शाळेवर नेमणूक झालेला एक कोवळा मास्तर जो पहिल्यांदा वाडीत येतो तेव्हा त्याला कुणी धड विचारतही नाही. हिरवंगार वगैरे सगळं माझ्या डोक्यातलं होतं, शाळेच्या धड्यांतून आलेलं. या दोन ओळी नसत्या तर मी नंतर म्हणाले असते की मला सगळं आधीच ठाऊक होतं.

थीममध्ये काय बसतं आणि काय नाही हेही आधीच ठरवून टाका, नाहीतर आमच्यासारखी भांडणं होतात. आमच्यातल्या एकाने जूनमध्ये नेमाड्यांची 'कोसला' आणली. आता तिचा नायक पांडुरंग सांगवीकर गावचा आहे हे खरं, पण निम्म्याहून जास्त पुस्तक पुण्यात, हॉस्टेलवर आणि कॉलेजात. ही गावाची कादंबरी का? दोन तास त्यातच गेले, पुस्तक कसं वाटलं हे बोलायचं राहूनच गेलं. शेवटी असं ठरलं की थीममध्ये बसते का आणि आवडली का, या दोन वेगळ्या ओळीत लिहायच्या. माझ्या वहीत 'कोसला'पुढे आहे: थीम, निम्मी. आवडली, हो, पण अर्ध्यानंतर.

२. वाचताना खुणा करा, सारांश नको

लायब्ररीचं पुस्तक असेल तर पेन्सिल चालवू नका प्लीज, मागच्याने केलेल्या रेघा वाचून माझं डोकं फिरतं. कागदाचे चिटोरे घाला. मी एसटीची जुनी तिकिटं वापरते, पातळ असतात आणि मागे लिहिता येतं. त्यावर पान नंबर आणि तेव्हा नेमकं काय झालं तेवढंच. "इथे हसले." "इथे मोबाइल उचलला." "इथे तीन पानं गाळली." "हा माणूस कोण, आधी आला होता का?" एवढं पुरतं. मोबाइल उचलला ही सगळ्यात प्रामाणिक खूण आहे बरं का, कारण ती लिहिताना आपण शहाणपणा करत नाही.

सारांश लिहायला बसलात तर मेलात. त्यात तुम्ही कुठे दिसतच नाही आणि ज्यांनी वाचलंय त्यांना तो नको असतो, ज्यांनी नाही वाचलं त्यांची तर मजाच जाते.

३. प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी

आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे कधीकधी पंचवीस पानांचा निबंध असतो, त्यात कादंबरीचं मर्म, शेवट, सगळं सांगून टाकलेलं असतं. ते आधी वाचलं की पुढे आपलं मत आपलं राहत नाही. आणि पुरस्काराचंही तसंच. 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी मिळालाय, 'बारोमास'ला २००४ चा, हे माहीत असलं की कंटाळा आला तरी आपणच कमी पडलो असं वाटतं आणि हात आपोआप "सशक्त" लिहायला जातो. 'झाडाझडती' मला ग्रेट वाटली, धरणात गाव जाणं म्हणजे नक्की काय, कागदं, मोबदला, कचेरीच्या फेऱ्या, हे मला तिच्यातून कळलं, पण मधला बराच भाग मी ढकलत ढकलत वाचला. दोन्ही खरं आहे, तर दोन्ही सांगायचं.

४. संपल्या संपल्या पाच ओळी, बाकी दुसऱ्या दिवशी

पुस्तक मिटलं की लगेच, ताटावर बसायच्या आधी, पाच ओळी. मग झोपा. सकाळी त्यात भर घाला पण रात्रीचं खोडू नका. खोडायचा मोह होतो, कारण सकाळी आपण जरा जास्त समंजस असतो.

लिहिताना आमच्याकडे काही शब्दांवर बंदी आहे: अप्रतिम, अंतर्मुख करणारी, विदारक, मनाला भिडणारी, वास्तवदर्शी, मातीचा गंध. मातीच्या गंधाला तर दंड ठेवलाय, एक प्लेट भजी. शब्द वाईट आहेत असं नाही हो, पण ते कुठल्याही गावच्या कादंबरीला चिकटतात, आणि जे सगळ्यांना चिकटतं त्यातून या पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रसंग सांगा. 'गोतावळा'त नारबा नावाचा गडी स्वतःच बोलतो, त्याचं सगळं जग म्हणजे मळ्यातली जनावरं, बैल, म्हशी, कुत्री, आणि मग मालकाकडे ट्रॅक्टर येतो. मी लिहिलं होतं, "ट्रॅक्टर आल्यापासून पान उलटायची भीती वाटायला लागली, आता कुठलं जनावर जाणार म्हणून". आमच्यातल्या एकाने, ज्याच्या घरी शेती आहे, लिहिलं, "मला ट्रॅक्टरचा राग आला नाही, आमच्याकडे आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते". हे वाचून सगळे गप्प. अशी वाक्यं विदारकमधून येत नाहीत.

५. पुस्तकाचा दोष की माझा?

ही पायरी सगळ्यात अवघड आणि मी इथेच आपटले. फेब्रुवारीत वऱ्हाड होतं म्हणून उद्धव शेळक्यांची 'धग' घेतली, १९६० ची. महादेव शिंपी, त्याची बायको कौतिक, ती संसार सावरायला रात्रंदिवस मरते आणि तो काही धड करत नाही. मी चाळीस पानांत दमले. 'मले', 'तुले', 'काहून', प्रत्येक संवाद दोनदा वाचावा लागायचा. मी बिनधास्त लिहून टाकलं, "भाषा क्लिष्ट, वाचकाला बाहेर ठेवते".

हे मी जेवताना घरी बोलले. माझ्या सासूबाई अमरावतीकडच्या, त्या हातातला घास तसाच धरून म्हणाल्या, "काहून वं? त्यात काय कठीण हाय? आमी असंच तं बोलतो." इतकी वर्षं माझ्याशी त्या पुणेरी मराठी बोलत होत्या, माझ्यासाठी! मग त्यांनी चष्मा लावून दहा पानं मोठ्याने वाचून दाखवली आणि मला ऐकताना एकही शब्द अडला नाही. वाचताना मी अक्षरं वाचत होते, त्या बोलणं वाचत होत्या.

तर आता माझा नियम असा, तक्रार लिहिली की तिच्यापुढे लिहायचं, ही तक्रार कुणाला येणार नाही? 'भाषा क्लिष्ट' ही वऱ्हाडातल्या माणसाला येणारच नाही, म्हणजे ती माझी अडचण. ती सांगायची, जरूर सांगायची, पण "मला बोली येत नाही म्हणून चाळीस पानं जड गेली" अशी. उलट, महादेवाचा मला जो संताप आला आणि तेच तेच पुन्हा पुन्हा होतंय असं जे वाटलं, ते सासूबाईंनाही वाटलं. ती तक्रार ठेवली.

पण म्हणून प्रत्येक वेळी दोष स्वतःकडे घेत बसू नका. आपल्याकडे थोर पुस्तक आवडलं नाही की लोक लगेच "तुझं वाचन कमी पडतंय" म्हणतात, हा सरळ दमदाटीचा प्रकार आहे. 'बनगरवाडी' मला आवडली, तरी त्यातल्या बायका मला लांबून दिसल्यासारख्या वाटल्या, मास्तर जेवढं बघतो तेवढ्याच. हे सांगायला मी कुणाची परवानगी घेणार नाही.

६. अर्धवट सोडली तर पान नंबर सांगा

चॅलेंज म्हटलं की आकड्याचा नाद लागतो आणि मग लोक शेवटची वीस पानं चाळून "झाली" म्हणतात. सोडली तर सोडली. फक्त कितव्या पानावर आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहा, आणि त्या पुस्तकावर एकूण मत देऊ नका, वाचलं तेवढ्यापुरतंच द्या. आमच्यातल्या एकीने तीन पुस्तकं सोडली आणि तिच्या नोंदी सगळ्यांत वाचनीय होत्या.

७. शेवट फोडू नका

जुनी कादंबरी आहे, सगळ्यांना माहीतच असेल, असं धरू नका. 'कोसला' १९६३ ची आहे म्हणून काय झालं, ज्याने काल हातात घेतली त्याच्यासाठी ती कालचीच. पांडुरंगाची बहीण मनी, तिच्या पानांबद्दल मी फक्त एवढंच म्हणाले की तिथे पुस्तक बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. पुरलं तेवढं.

८. सगळ्यांनी एकदम पाठवा

ही आयडिया सगळ्यात कामाची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री ठीक नऊला सगळ्यांनी आपापलं लिहिलेलं ग्रुपवर टाकायचं, त्याआधी एक अक्षर नाही. पूर्वी काय व्हायचं, ग्रुपमधले एक काका, भरपूर वाचलेले, ते आधी बोलायचे आणि मग बाकीचे "काकांशी सहमत". आता काकांनाही माहीत नसतं पुढे काय येणार, आणि खरं सांगते, काकाच जास्त मोकळे लिहायला लागलेत.

प्रत्यक्ष भेटलात तर ज्याला सगळ्यात कमी आवडली त्याने आधी बोलायचं. ज्याचं ते लाडकं पुस्तक आहे त्याने मध्ये तोंड घालायचं नाही, आणि "तुला कळलंच नाही" हे वाक्य कुणीच वापरायचं नाही. त्याऐवजी विचारा, कुठल्या पानावर सुटलं? तिकिटं, चिटोरे इथे कामाला येतात.

९. तीन-चार महिन्यांनी मागे जाऊन बघा

थीम एकच असण्याचा खरा फायदा इथे कळतो. एप्रिलमध्ये बोराड्यांची 'पाचोळा' वाचली, मराठवाड्यातली. तीही शिंप्याच्या घरातली गोष्ट, पण इथे शिंप्याची बायको पारबती स्वतःच सांगते, तिच्या बोलीत. वाचताना सारखी 'धग'मधली कौतिक आठवत होती. पारबती माझ्याशी बोलत होती आणि कौतिककडे मी बाहेरून बघत होते, म्हणून फेब्रुवारीत दमले का काय? मग फेब्रुवारीची नोंद काढली आणि तिच्याखाली तारीख टाकून नवी ओळ लिहिली, जुनी तशीच ठेवून. मत बदललं तर लाजायचं कशाला, फक्त खाडाखोड नको, खाली लिहा.

वहीत शेवटी एक रकाना आहे, परत वाचणार का. 'धग'पुढे तेव्हा "नाही" लिहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये स्वतःची कॉपी विकत आणली, तर ती सासूबाईंनी नेली आणि उशाशी ठेवलीय, कुठवर आलात विचारलं तर सांगत नाहीत.