कॅम्परव्हॅनचा पाण्याचा पंप बदलला

नळ बंद असतानाही पंप मधूनमधून घरघरायचा. पाइपांचे जोड कोरडे ठणठणीत, म्हणजे पंपातलाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) दाब सोडत होता. प्रेशर स्विचवाला (नळ उघडून दाब उतरला की आपोआप सुरू होणारा) डायफ्रॅम पंप, म्हणजे रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा, पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळाला. 12 व्होल्टचाच आहे ना, हे लेबलवर स्वतः वाचा. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणतोच!

फ्यूज काढला, टाकी रिकामी केली, नळ उघडून दाब घालवला. टाकीकडची नळी पंपाच्या ‘इन’ला, बाण बघून. पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर टाकीतला प्लास्टिकचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. प्लास्टिकच्या आट्या हातानेच आवळाव्यात. रबरी पायांचे स्क्रूही बेताने. रबर पार दबलं की अख्खी गाडी थरथरते. मग टाकी भरून, एकेक नळ उघडून हवा काढली.

जुन्याची मोटर धडधाकट आहे. व्हॉल्व्ह किट मिळालं तर तो स्पेअर म्हणून ठेवीन.