कार सीट उलटीच राहू द्या: अमेरिकेत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

भारतातून येताना बाळाची कार सीट आणू नका. तिकडे ती कितीही चांगली आणि महाग असली, तरी अमेरिकेतल्या गाडीत वापरायच्या सीटला एफएमव्हीएसएस २१३ हे इथलं संघीय मानक लागतं, आणि ती त्या मानकाला उतरते असं तिच्या लेबलवर लिहिलेलं असावं लागतं. तिकडे मिळणाऱ्या युरोपीय मानकाच्या सीटवर हे लेबल नसतं. छातीवर लावायची क्लिपही बहुधा नसते. तेव्हा सामानातली ती जागा दुसऱ्या कशाला तरी ठेवा आणि सीट इथेच घ्या.

दुकानात तीन प्रकार दिसतील. हँडलने उचलता येणारी इन्फन्ट सीट फक्त मागे तोंड करून, म्हणजे रिअर-फेसिंग वापरतात. यालाच इथे ‘उलटी’ म्हटलं आहे. तिच्यावर ३० किंवा ३५ पौंडांची वजनमर्यादा लिहिलेली असते, पण बहुतेक मुलं त्याआधीच उंचीने तिच्यात मावेनाशी होतात. कन्व्हर्टिबल सीट आधी उलटी आणि नंतर सुलटी, म्हणजे पुढे तोंड करून, बसवता येते. ती गाडीतच राहते, बाळासकट उचलून नेता येत नाही. तिसरी ऑल-इन-वन, तिचा पुढे बूस्टरही होतो, म्हणजे मोठ्या मुलाला गाडीच्याच बेल्टने बसवायची उंच बैठक. मूल जास्तीत जास्त काळ उलटं बसवायचं असेल, तर खरी निवड कन्व्हर्टिबलची. ती नीट निवडून घ्या, कारण हीच सीट पुढची काही वर्षं रोज वापरात राहणार आहे.

उलटं बसवण्याचं कारण बाळाच्या मानेत आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, कूर्चेने जोडलेले असतात. समोरून धडक बसली की सुलट्या बसलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी धरून ठेवलं जातं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या टणक पाठीवर दाबली जातात, जोर सगळीकडे वाटला जातो. म्हणून अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मधली ‘दोन वर्षांपर्यंत’ ही सूचना २०१८ मध्ये बदलली. आता त्यांचं म्हणणं असं, की सीटची उंचीची किंवा वजनाची मर्यादा गाठेपर्यंत मूल उलटंच ठेवा. कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालचं मूल उलटंच बसवावं लागतं. ४० पौंड वजन किंवा ४० इंच उंची झाली असेल तरच सूट. कायदा म्हणजे किमान मर्यादा. तीन-साडेतीन वर्षांचं मूल उलटं बसवणं अगदी शक्य आहे, आणि आमच्या मते तेच ध्येय ठेवावं.

आता खोक्यावरचे आकडे. रिअर-फेसिंग वजनमर्यादा काही सीट्सना ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो असते, काहींना ५० पौंड म्हणजे साधारण साडेबावीस किलो. सगळे ५० च्या मागे लागतात. पण मूल हाडापेराने बारीक असेल, तर ते वजनाच्या आधी उंचीने सीटबाहेर जातं. म्हणून पाठ किती उंच आहे ते पाहा. बहुतेक उत्पादकांचा नियम असा, की उलट्या बसलेल्या मुलाच्या डोक्यावर सीटची पाठ किमान एक इंच शिल्लक हवी. घरी तपासायला सोपं आहे: पट्टे आवळून मूल बसलं असताना डोक्यावर एक वही आडवी धरा आणि ती सीटच्या पाठीला कुठे टेकते ते बघा. हे माप हेडरेस्टच्या टोकापर्यंत धरायचं की मागच्या टणक कवचापर्यंत, हे त्या सीटच्या पुस्तिकेतच मिळेल. काही सीट्सना उभ्या उंचीचीही मर्यादा असते. वजन, उभी उंची आणि हा एक इंच, यांतलं जे आधी संपेल तिथे उलटी बैठक संपते.

ग्रेको एक्स्टेंड-टू-फिटसारख्या सीटमध्ये पायाशी सरकणारी पट्टी असते, ती बाहेर काढली की उलट्या बसलेल्या मुलाच्या पायांना जास्त जागा मिळते. मात्र गाडी लहान असेल तर तीच लांबी पुढच्या सीटच्या मुळावर येते. क्लेक फ्लो, डायोनो रेडियन या अरुंद सीट्स, मागे तीन जण बसवायचे असतील तेव्हा उपयोगी. कॉस्को सीनेरा नेक्स्ट हलकी आणि स्वस्त, प्रवासाला किंवा दुसऱ्या गाडीत ठेवायला चांगली. तिची उलटी मर्यादा ४० पौंड आणि ४० इंच. गोल फिरणाऱ्या सीट्स तुमच्या कंबरेला आराम देतात, पण त्या जड असतात. त्यातली घेताना उलटी मर्यादा आधी वाचा. किमतीवरून सुरक्षितता ठरवू नका. दुकानात कायदेशीर विकली जाणारी प्रत्येक सीट त्याच मानकाची चाचणी पार केलेली असते. महागड्या सीटचे पैसे बरेचदा कापडाला आणि सोयींना जातात. तुमच्या गाडीत घट्ट बसणारी, तुमच्या मुलाला मावणारी आणि रोज न चुकता बरोबर वापरता येणारी सीट हीच चांगली सीट.

म्हणून शक्य असेल तर विकत घेण्याआधी गाडीत लावून बघा. उलटी सीट रुंदीपेक्षा पुढे-मागे जास्त जागा खाते. पुढे बसणाऱ्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागत असतील, तर सीट अधिक उभी लावता येते का ते पाहा. नवजात बाळाला मान टाकायला नको म्हणून सीट आडवी, साधारण ४५ अंशांपर्यंत ठेवावी लागते. मान धरणाऱ्या, मोठ्या मुलाला ती बरीच उभी चालते आणि जागा वाचते. कोन सीटवरच्या रेषेने किंवा बुडबुड्याने दाखवला जातो, पण तो गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाच खरा. उतारावरच्या ड्राइव्हवेत लावलेला कोन हमखास चुकतो. पुढच्या सीटला कार सीट टेकलेली चालते की नाही, हे गाडीच्या आणि सीटच्या दोन्ही पुस्तिकांत बघा.

पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच लावायची नाही. यात सवलत नाही.

बसवायचे दोन मार्ग आहेत, गाडीचा सीट बेल्ट किंवा लॅच, म्हणजे गाडीतच बसवलेल्या हुकांना कार सीट अडकवायची सोय. दोन्ही एकदम लावले म्हणजे दुप्पट सुरक्षित, हा गैरसमज. पुस्तिका स्पष्ट परवानगी देत नसेल तर एकच लावा. लॅचचे खालचे दोन हूक सप्टेंबर २००२ नंतर बनलेल्या गाड्यांत असतात, पण सहसा दोन्ही बाजूंच्या जागांना. मधल्या जागेसाठी शेजारचे हूक उसने घ्यायला बऱ्याच गाड्या मनाई करतात. शिवाय लॅचला वजनाची मर्यादा आहे: मूल आणि सीट मिळून ६५ पौंड. सीटच ३० पौंडांची असेल तर मूल ३५ पौंडांचं झालं की लॅच सोडून बेल्टवर यायचं. नेमका आकडा सीटच्या लेबलवर असतो. बराच काळ उलटं बसवणार असाल, तर बेल्टने लावायला आजच शिका.

बेल्टने लावताना इथे चुकतं. कन्व्हर्टिबलला बेल्ट ओवायच्या दोन वाटा असतात. उलट्या बैठकीची वाट मुलाच्या पायांखालून जाते, सुलट्याची पाठीमागून. बेल्ट बरोबर वाटेतून घाला, पीळ पडू देऊ नका, बकल लावा. मग खांद्याचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. सोडताना कट-कट आवाज येत तो आत जाऊ लागला, की बेल्ट लॉक झाला. आता सीटच्या बुडावर हाताने किंवा गुडघ्याने भार द्या आणि सैल बेल्ट आत भरवत जा. सीटला स्वतःचा लॉक-ऑफ, म्हणजे बेल्ट घट्ट धरून ठेवणारा चाप, असेल तर तो वापरा. मग बेल्ट वेगळा लॉक करायचा की नाही, ते तिच्या पुस्तिकेप्रमाणे. शेवटी बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून एका हाताने हलवा. डावीकडे-उजवीकडे किंवा पुढे-मागे एक इंचापेक्षा जास्त हलली, तर पुन्हा आवळा. उलट्या सीटचं वरचं टोक धरून हलवलं तर ते हलणारच. ते बघून घाबरू नका, आणि पुस्तिकेत सांगितलं नसेल तर तिथे काही बांधूही नका.

आता हार्नेस, म्हणजे मुलाला सीटमध्ये धरून ठेवणारे पट्टे. उलट्या बैठकीत खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा खालून यावेत, सुलट्यात पातळीतून किंवा वरून. हे उलटसुलट झालं तर धडकेत मूल सीटवरून वर सरकतं. नवजात बाळासाठी कन्व्हर्टिबल घेत असाल, तर सगळ्यात खालची खाच त्याच्या खांद्याच्या खाली आहे ना ते पाहा, कारण बऱ्याच मोठ्या सीट्समध्ये ती नसते. पट्टे आवळल्यावर गळ्याजवळच्या हाडाशी पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. घडी पडली तर अजून सैल आहे. बोटं घसरली तर ठीक. छातीची क्लिप काखेच्या रेषेत हवी, पोटावर नको.

थंडीत फुगीर जॅकेट घालून पट्टे लावू नका. एकदा करून पाहा: जॅकेट घालून पट्टे आवळा, मग पट्टे तसेच ठेवून जॅकेट काढा आणि मुलाला पुन्हा बसवा. पट्ट्यात हात मावेल एवढी ढील दिसेल, आणि तेवढीच ढील अपघातात असते. आत पातळ ऊबदार कपडे, वर पट्टे, त्यावर गोधडी किंवा उलटं घातलेलं जॅकेट. डोक्याच्या उशा, पट्ट्यांची कव्हरं वगैरे जे सीटबरोबर आलेलं नाही, ते लावू नका. पट्टे पाण्यात बुडवून धुवायचे नसतात. सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचे.

आजी-आजोबा आले की ‘पाय बघ कसे दुमडलेत बिचाऱ्याचे’ हे ऐकायची तयारी ठेवा. मुलं मांडी घालतात, पाय पाठीवर टेकवतात आणि मजेत बसतात. समोरच्या पाठीला पाय टेकलेले असणं ही सीट बदलण्याची खूण नव्हे. रडतंय म्हणून मांडीवर घेणं मात्र कुणाच्याही मायेपोटी मान्य करू नका.

जुनी सीट घेणार असाल, तर तिचा इतिहास माहीत असलेल्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. कवचावर छापलेली मुदत बघा, सहसा ती बनल्यापासून ६ ते १० वर्षं असते. अपघातात सापडलेली सीट घेऊ नका. नवी घेतली की तिची नोंदणी त्याच दिवशी करा. दोष निघाला तर उत्पादक तुम्हाला कळवू शकतो. बसवून झाल्यावर प्रमाणित तंत्रज्ञाकडून एकदा तपासून घ्या. सेफ किड्स ही संस्था आणि एनएचटीएसए हे रस्ता सुरक्षेचं संघीय खातं यांच्या साइटवर जवळची तपासणी केंद्रं सापडतात, आणि ही तपासणी बरेचदा मोफत असते.

भारतात जाताना सीट विमानातही नेता येते. लेबलवर लाल अक्षरांत विमानात वापराची परवानगी लिहिलेली हवी. खिडकीची जागा घ्या, आणि सीटची रुंदी एअरलाइनला आधी कळवा. तिथल्या गाडीत एक अडचण येते: अनेक गाड्यांचे बेल्ट वर सांगितल्यासारखे लॉक होत नाहीत. त्यासाठी सीटवर लॉक-ऑफ असावा किंवा एच आकाराची लॉकिंग क्लिप लागते, आणि ती कशी लावायची याचा सराव इथूनच करून जा.

मर्यादा संपून सीट सुलटी करायची वेळ आली, की फक्त फिरवून भागत नाही. खांद्याचे पट्टे वरच्या खाचेत घ्या, कोन बदला, बेल्ट दुसऱ्या वाटेने न्या, आणि वरचा टेदर, म्हणजे सीटच्या पाठीच्या वरच्या भागातून निघणारा पट्टा, गाडीच्या टेदर-हुकात अडकवून आवळा. डोकं पुढे किती जाईल ते टेदरवर ठरतं, आणि सगळ्यात जास्त वेळा तोच राहून जातो. डिकीत सामान बांधायच्या कड्या त्याच्यासारख्याच दिसतात. बरोबर हूक कोणता ते गाडीच्या पुस्तिकेत बघून मगच अडकवा.