चार मुलं, एक कीबोर्ड : मुलांकडून ग्रुप-अ‍ॅक्टिव्हिटी कोड करून घेताना

मुलांना स्क्रॅच (रंगीत ब्लॉक जोडून कोड करायची मुलांसाठीची भाषा) शिकवलं की बहुतेक वेळा काय होतं, तर आधी स्क्रीनवरची मांजर इकडून तिकडे चालते, मग एक क्विझ बनतो, आणि तो क्विझ एकच मूल खेळतं आणि बाकीचे मागे उभं राहून "अरे बी दाब, बी!" करत ओरडतात. कोडिंग झालं, पण ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटी काही झाली नाही. म्हणून मुलं जेव्हा म्हणतात ना की आम्हाला वर्गासाठी गेम बनवायचाय, तेव्हा लॅपटॉप उघडायच्या आधी त्यांना एकच प्रश्न विचारा : एक जण कीबोर्डवर असताना बाकीचे तिघं काय करणार? उत्तर "बघणार" असेल तर अजून डिझाइन झालेलंच नाही.

हे सगळं साधारण आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी लिहितेय. स्क्रॅच ८ ते १६ वयोगट डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय, ५ ते ७ वाल्यांसाठी स्क्रॅच ज्युनियर वेगळं आहे, पण त्यात व्हेरिएबल (आकडा किंवा शब्द साठवून ठेवायची नाव दिलेली जागा) वगैरे नसल्यामुळे खालचं बरंचसं त्यात होणार नाही.

आधी कागदावर खेळा

गेम आधी कागदावर खेळून बघायचा, आणि त्यात एका मुलाला कॉम्प्युटर बनवायचं. त्याच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नियम, आणि अट अशी की चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच बोलायचं, स्वतःचं डोकं अजिबात लावायचं नाही. दोन टीमनी एकदम हात वर केला तर? कोणी उत्तरच दिलं नाही तर? चुकलं तर पुन्हा चान्स आहे का? कॉम्प्युटर झालेलं मूल "मला माहीत नाही" म्हणून गप्प बसलं की समजायचं इथे नियम राहिलाय. बाकीची मुलं तिथेच भांडून नियम ठरवतात आणि ते भांडण होऊ द्यायचं, मध्ये पडून सोडवायचं नाही, कारण हेच पुढे कोडमधलं "इफ-एल्स", म्हणजे "असं झालं तर हे, नाहीतर ते", होणार असतं. कागदावरचा गेम कंटाळवाणा निघाला तर कोड करून तो मजेशीर होत नाही हेही इथेच कळतं, आणि फुकटात कळतं.

प्रत्येकाकडे एक तुकडा

एलियट अ‍ॅरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये जिगसॉ पद्धत वापरली. कल्पना साधी आहे, प्रत्येक मुलाकडे माहितीचा वेगळा तुकडा, आणि सगळे तुकडे एकत्र आल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. कोडिंगसाठी ही झकास आहे, कारण कीबोर्ड एकच असला तरी प्रत्येकाशिवाय अडतं.

उदाहरणार्थ चार आकडी कुलूप. चार मुलांना चार चिठ्ठ्या : कोळ्याला पाय किती, कीटकाला पाय किती, ऑक्टोपसला हृदयं किती, माणसाच्या हृदयात कप्पे किती. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, फक्त सांगायचं. स्क्रीनवर कुलूप, आणि नंबर ८६३४.

स्क्रॅचमध्ये हे "आस्क अँड वेट" (प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या) ब्लॉकने होतं, आलेला नंबर "आन्सर"मध्ये बसतो, तो बरोबर असेल तर कुलूप उघडा. पाच मिनिटांचं काम. खरी मजा यानंतर, म्हणजे नंबर चुकला तर स्क्रीनने काय सांगायचं? नुसतं "चूक" म्हटलं तर मुलं अंदाज मारत सुटतात, आणि कुठला आकडा चुकला ते सांगितलं तर बोलायची गरजच संपते, सगळे त्या एकाच्या मागे लागतात. मधला रस्ता म्हणजे "चारपैकी तीन बरोबर" एवढंच सांगायचं, कुठले तीन ते नाही. मग प्रत्येकाला आपलं उत्तर बाकीच्यांना पटवून द्यावं लागतं. कोडमध्ये "लेटर १ ऑफ आन्सर" हा ब्लॉक वापरून एकेक आकडा वेगळा काढायचा, बरोबर असला की "बरोबर" नावाच्या व्हेरिएबलमध्ये एक वाढवायचा, असं चार वेळा. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला तो व्हेरिएबल शून्य करायचा, हे हमखास राहतं आणि मग स्क्रीन म्हणते "चारपैकी सात बरोबर" आणि सगळे हसून लोळतात. लगेच सांगू नका, शोधू दे त्यांना.

एक बारीक गोष्ट. कोणी मराठी कीबोर्ड लावून देवनागरी आकडे टाकले तर स्क्रॅच ते इंग्रजी आकड्यांसारखे धरत नाही, उत्तर बरोबर असूनही चूक दाखवतं. शब्द टाइप करायला लावले तर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ वेगळाच. म्हणून उत्तर टाइप करायचं असेल तर इंग्रजी आकडे, नाहीतर सरळ क्लिक करायचे पर्याय द्या.

चुकीचे पर्याय कोण लिहिणार

मुलं बरोबर उत्तर लिहितात आणि चुकीचे तीन पर्याय कसेही भरतात, १०० काय, बटाटा काय. इथे थांबवायचं. त्यांना म्हणायचं, असं चुकीचं उत्तर लिहा जे कोणीतरी खरंच देईल, आणि तो ते का देईल तेही लिहा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचं उत्तर पाच षष्ठांश, पण दोन पंचमांश हा पर्याय भारी आहे कारण वरचे वर आणि खालचे खाली मिळवले की तोच येतो. मग तो पर्याय दाबल्यावर स्क्रीनवर नुसती फुली नाही, तर "दोन पंचमांश हे अर्ध्याहून लहान, मग अर्ध्यात काही मिळवल्यावर कमी कसं झालं?" असं येऊ दे. हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाचे अपूर्णांक पक्के झाले म्हणून समजा, खेळणाऱ्यांचं पुढे बघू. लोगो ही मुलांसाठीची भाषा बनवणाऱ्यांपैकी एक, सिमोर पॅपर्ट, त्यांचंही म्हणणं हेच होतं की इतरांपुढे ठेवता येईल असं काहीतरी बनवताना शिकणं जास्त चांगलं होतं.

बझर

बझर सगळ्यांना हवा असतो, तर तोही बघू. चार टीमना चार कळा, एकमेकींपासून लांबच्या, नाहीतर हातावर हात पडतात. "लॉक" नावाचा व्हेरिएबल, सुरुवातीला ०. कळ दाबली की आधी बघायचं लॉक ० आहे का, असेल तरच १ करायचा आणि टीमचं नाव दाखवायचं. लॉक नसेल तर नंतर दाबणारा पहिल्याचं नाव पुसून टाकतो, शिवाय कळ धरून ठेवली की "व्हेन की प्रेस्ड" हा ब्लॉक पुन्हा पुन्हा चालतो. पुढच्या प्रश्नाला लॉक परत ०, त्यासाठी सगळ्यांना मेसेज पाठवणारा "ब्रॉडकास्ट" ब्लॉक वापरा, "नवा प्रश्न" असा मेसेज गेला की सगळे स्प्राइट (स्क्रीनवरची पात्रं आणि वस्तू) आपापलं रीसेट करतील.

पण बझरमध्ये टीममधलं एकच फास्ट मूल खेळतं. उपाय कोडमध्ये नाही, नियमात आहे : जो दाबेल त्याने उत्तर द्यायचं नाही, शेजारच्याने द्यायचं.

प्रश्न रिपीट होतात ही तक्रार येईलच. प्रश्न एका लिस्टमध्ये, उत्तरं दुसरीत, रँडम नंबर काढा, तो आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि विचारून झालं की दोन्ही लिस्टमधून त्याच नंबरचा आयटम डिलीट करा. एकीतूनच केला तर पुढची उत्तरं सरकतात.

मायक्रोबिट (कोड करता येणारे, बटणं असलेले छोटे बोर्ड) असतील तर रेडिओवर मतदान करता येतं, प्रत्येक टीमने ए किंवा बी दाबायचं आणि एक बोर्ड सगळ्यांची मतं मोजेल. रेडिओ ग्रुपचा नंबर, ० ते २५५ मधला कुठलाही, सगळ्या बोर्डांवर सारखा हवा. बोर्ड कमी असतील तर मेककोड या मायक्रोबिटसाठी कोड लिहायच्या वेबसाइटवरच्या सिम्युलेटरमध्ये (स्क्रीनवरच्या नकली बोर्डवर) करून बघा, रेडिओ ब्लॉक वापरले की तिथे दुसरा बोर्ड आपोआप दिसतो.

बनवताना काम कसं वाटायचं

स्क्रॅचमध्ये एकच प्रोजेक्ट दोघांना एकाच वेळी एडिट करता येत नाही. दोघं एका लॅपटॉपवर असतील तर एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, दहा मिनिटांनी बदला. दोन लॅपटॉप असतील तर स्प्राइट वाटून घ्या आणि शेवटी एक्सपोर्ट करून एकाच प्रोजेक्टमध्ये आणा, फक्त मेसेजची आणि व्हेरिएबलची नावं आधी कागदावर ठरवा. एकाने "सुरू" लिहिलं आणि दुसऱ्याने "सुरु" तर काहीच सुरू होत नाही. कॉश्च्युम (स्प्राइटची चित्रं) आणि बॅकड्रॉप (मागचं चित्र) यांना वेळ बांधून द्या, नाहीतर अख्खा दिवस ड्रॅगनच्या शेपटीत जातो. आणि तुम्ही माउसला हात लावू नका, अडले तर एवढंच विचारा : काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?

मग ज्यांनी गेम बनवलेला नाही त्यांना खेळायला द्या, आणि बनवणाऱ्यांनी त्या वेळी तोंड बंद ठेवायचं. हे त्यांना भयंकर जड जातं. खेळणारे कुठे अडले, कोण नुसतं बसून होतं, कोणी "आता काय?" विचारलं, हे सगळं लिहून काढायचं. नंतर त्यातली एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा खेळवायचं, चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बदल करण्याआधी "सेव्ह अ‍ॅज अ कॉपी" करून ठेवा, कारण "आधीचाच बरा होता" हे वाक्य येणार म्हणजे येणारच.