प्रेस गरम करायच्या आधी: दुपट्यावर पॅच लावायची तयारी

तान्ह्या पोळ्याला लेकरासाठी बैलाचा पॅच लावलेलं दुपटं करायचं असो की जुन्या साड्यांची मोठी गोधडी, फ्युजिबल वेब वापरणार असाल तर प्रेसचं बटन दाबायच्या आधीच अर्धं काम उरकलेलं पायजे. वेब म्हणजे कागदावर बसवलेला गोंदाचा पातळ पापुद्रा, गरमीनं वितळते आणि दोन कापडं धरून ठेवते.

पहिले पाकीट नीट पाहून घ्या. दुकानात नुसतं "चिकटवायचं द्या" म्हटलं की बरेचदा कॉलरचं बकरम हातात येते, त्याला गोंद एकाच बाजूनं राहते, आपल्याला दोन्हीकडून चिकटणारं पायजे. ऑनलाइन मागवत असाल तर हलकंच मागवा. हीट अँड बॉण्ड ब्रँडमधे लाईट म्हणून येते ते शिवायचं, अल्ट्राहोल्ड बिनशिलाईचं, जाड गोंदाचं. आपल्या गोधडीला हातानं धावदोरा घालावा लागते, जाड गोंदातून सुई ओढता ओढता बोटं सोलून निघतील, म्हणून ते घेऊच नका.

कापड आदल्या दिवशीच धुवून वाळवा. नव्या कापडात खळ असते आणि खळीवर गोंद धरत नाही, सॉफ्टनरही टाकू नका. साडी जुनी असेल तर एक धागा काढून जाळून पाहा: कागदासारखा जळून राख झाली तर सुती, गोळा होऊन वितळला तर सिंथेटिक, अन् ती गरम प्रेसखाली टिकणार नाही, बाजूला ठेवा.

मंग चित्र. इथं लय जण फसतात, काहून की वेब लागते कापडाच्या उलट्या बाजूला, म्हणून चित्र कागदावर उलटंच काढायचं. बैलाचं तोंड उजवीकडे पायजे असेल तर डावीकडे काढा, आणि लेकराचं नाव टाकणार असाल तर अक्षरं आरशात दिसतात तशी. बाहेरून थोडं सोडून कापा, बैलाचं पोट मोठं असेल तर रेषेपासून पाव इंच आत मधला भाग कात्रीनं काढून टाका, फक्त कडेला पट्टी राहू द्या. दुपटं मऊ राहते आणि वेबही वाचते. कापडाला चिकटल्यावरच रेषेवरून बरोबर कापायचं. कागद कडेनं निघत नसेल तर मधे टाचणीनं ओरखडा मारा, तिथून निघते. निघालेला कागद फेकू नका जी, चकचकीत बाजू खाली करून तोच प्रेसखाली ठेवायला कामी येते.

गादीवर प्रेस करू नका, टेबलावर चादरीची घडी टाका. वाफ द्यायची की नाही ते पाकिटावर वाचा, काही कंपन्या कोरडी प्रेस सांगतात, काही ओला फडका. कपड्यांसारखी प्रेस फिरवायची नाही, ठेवायची, दाबायची, उचलायची. हे सगळं दिवसा लाईन असताना उरका, रात्री शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडते आणि प्रेस नुसती कोमट राहते.

कच्च्या टाक्यांऐवजी वेब वापरायचं असेल तर ते लहान दुपट्यापुरतंच ठेवा. उरलेल्या वेबच्या बोटभर पट्ट्या कापून, कागद काढून, एकेक वीत अंतरानं थरांमधे ठेवायच्या, आधी वरून दाबायचं, मंग उलटून खालून. आत जुनी सुती साडी किंवा कापसाचा थर असेल तर ठीक, पॉलिस्टर फायबर असेल तर गरमीनं चप्पट होते. आणि हा गोंद धुतल्यावर निघून जात नाही, आतच राहते, म्हणून पट्ट्या बारीक. मोठ्या गोधडीला मात्र कच्चे टाकेच बरे, उगाच कशाला त्या गोंदाचा खर्च!

दोरा आणि एकदोन जादा सुया आताच काढून ठेवा. हलकं वेब फक्त जागेवर धरते, धुण्यात टिकायला कडेनं काजाचा टाका किंवा झिगझॅग शिलाई लागतेच. मशीनच्या सुईला गोंद लागला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

शेवटी त्याच कापडाच्या चिंधीवर एक तुकडा चिकटवून पूर्ण थंड होऊ द्या, मंगच ओढून पाहा, गरम असताना ओढलं तर चांगलं बसलेलंही निघते. थंड झाल्यावरही कड सुटली तर अजून थोडा वेळ दाबून पाहा, तरी नाही धरलं तर कापड परत धुवायला टाका.